पोहोचलीस की सांग

ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच — ‘आम्ही कॅनडाला मूव्ह होतोय, निघण्यापूर्वी काय काय माहीत असायला हवं?’ खाली ढीगभर कॉमेंट येतात. कुकर आणा, चष्म्याचे दोन जोड आणा, दातांची कामं तिकडेच उरकून या, जॅकेट मात्र इथे घ्या. मीही आजवर असलीच उत्तरं देत आले. आज जे लिहितेय ते कुठल्याच चेकलिस्टमध्ये नाही... आणि ते लिहू की नको यात महिना गेला.

एक आधीच सांगते. मला अंधश्रद्धेच्या गोष्टींची चीड आहे. गोंदियातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं मी लोकांची रक्त-लघवी तपासली. जे काचेखाली दिसत नाही ते नाही, हा माझा खाक्या. अंगात येणाऱ्या बायकांना ‘आधी हिमोग्लोबिन बघून घ्या’ म्हणणारी मी.

माझं माहेर मुर्री, गोंदियाला अगदी लागून. आमचं घर गावाच्या टोकाला. मागे वाडी, वाडीला लाकडी फाटक, फाटकापलीकडे धानाच्या बांध्या (भाताची खाचरं) आणि त्यांना पाणी पुरवणारी आमची बोडी, म्हणजे लहानसा तलाव. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. मी एकुलती एक. लग्न होऊन गोंदियातच गेले, त्यामुळे मायचं काही अडत नव्हतं. (आम्ही आईला मायच म्हणतो.) लॅब सुटली की स्कूटीने मुर्री, तिच्यासोबत अर्धा कप चहा, मग बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावरून, एक फेरी आणि मग सासरी. साडेसहाचा हा नेम मी कधी मोडला नाही. सासूबाई म्हणायच्या, ही नांदायला आली आहे की पाहुणी आली आहे.

आमच्या घरात एक रिवाज आहे. कुणी परगावी निघालं की त्याच्या वापरातला एक चपलांचा जोड दाराशी ठेवायचा, तोंड घराकडे करून. तो माणूस मुक्कामी पोहोचला आणि तसा निरोप आला की चपला उचलायच्या, पुसायच्या आणि आत ठेवायच्या. निरोप येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. बाबा नागपूरला गेले तरी माय हे करायची. का, असं विचारलं तर म्हणायची, “आपले लोक माळव्यातून आले तवापासूनचा हाये.” माळव्यातून निघालेल्यांच्या चपला मागे कुणी उचलल्या होत्या, हे मी तिला खूपदा विचारलं. त्यावर ती, “लय शाणी झाली,” एवढंच म्हणायची.

सात वर्षांपूर्वी आम्ही टोरांटोजवळच्या एका गावात आलो. निघायच्या आठवड्यात मी गोंदियाच्या बाजारातून तपकिरी चपला घेतल्या होत्या. नागपूरला व्हिसाच्या कामासाठी एकदाच घातल्या. पॅकिंग करताना प्रशांत, माझा नवरा, वजनकाट्यापुढे बसून एकेक वस्तू बाहेर काढत होता, त्यात त्याही निघाल्या. न नेण्याच्या सामानाचा मी चिडून एक फोटो काढला. त्यात त्या चपला उलट्या पडल्यात, तळव्याला किमतीचं स्टिकर तसंच आहे. हा फोटो अजून माझ्याकडे आहे. ते उरलेलं सामान मायकडे गेलं आणि तिने त्याच चपला दाराशी ठेवल्या.

उतरल्यावर मी फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, “पोचली का घरी?”

“घर कुठलं आता? ओळखीच्यांच्या बेसमेंटमध्ये उतरलोय. घर मिळालं की सांगते.”

मग नोकरी, लायसन्स, एक भाड्याचं घर, दुसरं भाड्याचं घर, कोविड, मुलगी झाली. तीन वर्षांपूर्वी स्वतःचं घरही घेतलं. व्हिडिओ कॉलवर मायला ओटा दाखवला, न्हाणीघर दाखवलं, बर्फाने भरलेलं अंगण दाखवलं. पण घरी पोहोचले, असं मी तिला कधी म्हटलंच नाही. मुद्दाम नाही, खरंच विसरले. चपलाही विसरले.

आता मधली एक गोष्ट. इथे आल्यापासून मला एक विचित्र त्रास होता. सकाळी आठला बसने कामावर जाताना मी मधेच हरवायचे. झोप नाही, डोळे उघडे. पण पंधरा-वीस मिनिटं कोरी. स्टॉप निघून जायचा, ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर हाक मारायचा. डोक्याच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे. गंमत म्हणजे त्यानंतर मला फार बरं वाटायचं. आणखी एक होतं, ज्याचा मी फार विचार केला नाही. मार्चमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे करतात, की हा प्रकार आठला न होता नऊला व्हायचा, कामाच्या टेबलावर. नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे आली की परत आठला, बसमध्ये.

गेल्या पावसाळ्यात माय अंगणात घसरून पडली. शेजारच्या कमलाकाकूंनी उचललं, दवाखान्यात नेलं. हाड वाचलं, पण मी धसका घेतला. मायला कायमचं इकडे आणायचं ठरवून मी सगळे कागद केले आणि जानेवारीत एकटीच गोंदियाला उतरले. सात वर्षांनी.

दाराशी चपला होत्या. तोंड घराकडे. मी हसले, वाकून एक उचलली... आणि हसू गेलं.

तळवा झिजून पातळ झाला होता. स्टिकरचा पत्ता नाही. उजव्या टाचेची बाहेरची कड तर पार गेलेली. लहानपणी बैलगाडीतून पडून माझा उजवा पाय मोडला होता, तेव्हापासून मी तो किंचित ओढत चालते. माझ्या प्रत्येक चपलेची हीच कड आधी जाते. खाचांत बोडीची पांढुरकी चिकट माती वाळून बसली होती.

“माय, या कोण घालतं?”

“कोन घालन? तूच.”

मला वाटलं, म्हातारी भ्रमली. पण बाकी सगळं तिला लख्ख आठवत होतं, माझ्या सासूबाईंचे टोमणेसुद्धा. ती तांदूळ निवडता निवडता सांगत होती. “रोज साडेसहाले येतं ना तू. फाटक वाजते. बोडीकडं जातं, एक चक्कर मारतं, वापस येतं. पाय घासून राहतं तं आयकू येते मले. मी मागं नाही पाहत. मंग पाहतो तं चपला जागेवरच, पन ओल्या.”

मी दुसऱ्या दिवशीच त्या चपला पिशवीत घालून गोंदियाच्या बाजारात गेले. कमलाकाकू घालत असतील, दूधवाली घालत असेल, काहीतरी असेलच. मायच्या तर त्या होणार नाहीत, तिचा पाय माझ्याहून बराच लहान. शाळेपासून माझ्या चपला शिवणारे चाचा अजून त्याच कोपऱ्यावर बसतात. मी काही न सांगता जोड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उलटा करून अंगठा फिरवला.

“बेटी, एड़ी फिर वही. कितनी बार बोला, पाँव उठाकर चला कर. छह-सात साल रोज पहनी है, अब इसमें कुछ बचा नहीं. नयी ले ले.”

मी घरी येऊन वाडीचं फाटक उघडलं. शेती आता ठेक्याने दिलेली आहे, ते लोक पलीकडच्या रस्त्याने येतात. या बाजूने जायचं कुणाला काही कारण नाही. तरी फाटकापासून पाळीपर्यंत गवतातून एक पायवाट होती. एका माणसापुरती. मी तिथेच बसले आणि बोटांवर तासांचा हिशोब केला. मुर्रीत संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात सकाळचे आठ. उन्हाळ्यात नऊ. मुर्रीतली घड्याळं कुणी पुढेमागे करत नाही.

तीन आठवडे मी तिथे होते. त्या तीन आठवड्यांत साडेसहाला काहीही झालं नाही. फाटक वाजलं नाही, चपला कोरड्या राहिल्या. माय म्हणाली, “तू घरीच हायेस तं येशीन कायले?”

कागदांचं मात्र तिने ऐकूनच घेतलं नाही. मी समजावलं, रागावले, पडलीस तर कोण उचलेल म्हणून रडलेसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, “मी तिकडं आली आन तू सांजेले इकडं आली तं? घराले कुलूप पाहून तू कोठी जाशीन बाई?”

पण एक उपाय होता आणि तो मला ठाऊक होता. निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, “माय, तुला सांगायचं राहिलं होतं. मी घरी पोहोचले. तीन वर्षं झाली. आमचं घर आहे तिथे. मी पोहोचले.”

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, दाराशी गेली, चपला उचलल्या. पदराने पुसायला लागली. एक पुसून झाली. दुसरी, उजवी, हातात धरून तिने टाचेवरून बोट फिरवलं.

“खरं सांगून राहिली का?”

मी तोंड उघडलं. बसची खिडकी आठवली, शेवटचा थांबा आठवला, आणि ते बरं वाटणं आठवलं — सात वर्षांत दिवसातून एकदाच वाटणारं. एवढं एक ‘हो’ म्हटलं असतं तर माय माझ्यासोबत विमानात बसली असती. मी ‘हो’ म्हटलं नाही. यात मायचं मन किती राखलं आणि माझा स्वार्थ किती होता, हे मला आजही सांगता येत नाही. स्वार्थच जास्त असावा.

मायने दोन्ही चपला परत दाराशी ठेवल्या, तोंड घराकडे. “चाय ठेवतो,” म्हणाली आणि आत गेली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. प्रशांतला फोटो दाखवले, जुना आणि नवा. तो म्हणाला, दुसरा जोड असेल. असेलही. कमलाकाकूंना मायकडे दिवसातून दोन वेळा चक्कर मारायला सांगून आले आहे, मायच्या गळ्यात फोन अडकवून आले आहे. रात्री दचकून जागी होते, तो भाग वेगळाच.

तेव्हा निघण्यापूर्वी काय माहीत असावं, असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुकर विसरलात तर इथे मिळतो. पण पोहोचलीस का, असं मागून कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते घरूनच ठरवून निघा.

मी आता आठच्या बसने जात नाही. घरातून लवकर निघते, कामाच्या जवळ एक बाक आहे, त्यावर जाऊन बसते. मग जे व्हायचं ते होतं. ते झालं की फोन लावते. तिकडे चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज येतो आणि माय रोज तेच विचारते, “पोचली का बाई घरी?”

मी म्हणते, “नाही माय. अजून नाही.”