बंद इंजिनाची ओढ

ईशान, सई — तुमची आजी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अमावास्येला प्रवास टाळणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातला. म्हणूनच हा प्रसंग घडला तसाच लिहिते...

गेल्या वर्षीची खंडेनवमी. ढोकीजवळच्या आपल्या शेतातल्या शेडमध्ये सुहासकाकाचा जुना ट्रक उभा होता. पूजा झाली की सोयाबीन घेऊन, येडशीचा घाट उतरून त्याला बार्शीला जायचं होतं.

आधी थोडं यंत्र समजून घ्या. या ट्रकचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर लागत नाही. इंजिनावर एक छोटा पंप असतो. तो एका टाकीतली हवा ओढून काढतो, म्हणजेच व्हॅक्यूम तयार करतो. टाकीतून एक रबरी नळी ब्रेकच्या बूस्टरला जाते आणि ती पोकळीच पायाला मदत करते. नळी फुटली तर पेडल दगड होतं. हे मी मेकॅनिक मुनीरभाईंकडून शिकले, पंपापासून बूस्टरपर्यंत नळीवर बोट फिरवत. ती नळी त्यांनीच नुकती बदलली होती.

खंडेनवमीला पूजा होईपर्यंत आपण अवजारांना हात लावत नाही. ट्रकची किल्लीसुद्धा आदल्या संध्याकाळीच पाने-हातोड्यांबरोबर देवापुढे ठेवलेली. म्हणजे इंजिन रात्रभर बंद.

सकाळी सुहासने बॉनेट उघडलं आणि मी एकेका भागाला हळदकुंकू लावत गेले. वाकून त्या नळीच्या मागच्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं... बोट काढलं तर नळी कोरी. पडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. या वेळी कुंकू आत जाताना दिसलं. तिथे बोट धरलं, तर तान्ह्या बाळाने चोखावं तशी ओढ लागली.

"सुहास, इंजिन चालू आहे का रे?"

"आई, किल्ली देवापुढं हाय. चष्मा पूस आधी."

"मुनीरभाईंना बोलाव."

"अगं, सणाचं कुठं बोलावतेस? पेडल जरा कडक लागतंय, पण नवं रबर हाय, बसेल हळूहळू."

ते 'जरा कडक' मला आवडलं नाही. मी किल्ली उचलली आणि पदराला बांधली. सुहासने कपाळावर हात मारला, पण फोन केला.

मुनीरभाई कुरकुरतच आले. "आई, सणाला बोलावलं, आता पुरणपोळी खाऊनच जाणार." मग त्यांनी नळी वळवून तिची मागची बाजू पाहिली.

"म्याच सायलेन्सरच्या पाइपाला लई जवळून घेतली. मागून भाजून चिरली बघा."

"घाटात काय झालं असतं?"

"भरली गाडी, आई. नुसत्या पायानं थांबती व्हय?"

मी त्यांना कुंकवाचं सांगितलं. त्यांनी चिरेवर कागदाचा कपटा धरला. तो खाली पडला. मी पदराची किल्ली सोडून सुहासला दिली, इंजिन चालू झालं, तसा कपटा चिकटला. बंद केल्यावर थोड्याच वेळात सुटून पडला.

"एवढ्या चिरेतून टाकीत लगेच हवा भरती, आई. रातभर ओढ राहत न्हाय."

"मग माझ्या बोटाला लागली ती ओढ?"

मुनीरभाईंनी चिरलेली नळी काढून बाजूला टाकली. नवी नळी त्यांनी पाइपापासून दूर, चासिसच्या कडेने नेली आणि क्लिपा आवळून स्वतः पेडल दाबून बघितलं.

दिवस मावळताना सुहासचा बार्शीहून फोन आला. "उतारावर म्हैस आडवी आली, आई. पूर्ण ब्रेक मारला."

"मग?"

"थांबली गाडी. म्हशीनं बंपरला शेपटी मारली अन् गेली निवांत..." तो हसला.

बाळांनो, बंद पंप हवा ओढत नाही, हे मी आजही मानते. आणि माझ्या बोटाला ओढ लागली होती, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. मी पुष्कळदा जुळवून पाहिली. दोन्हींतलं एकही मला खोडता येत नाही.