विठाबाईची अर्धी भाकर

आमच्या दौलतमामाच्या घरात तीस वर्षं ज्वारीचा दाणा आला नाही, आणि या गोष्टीचा मामाला केवढा अभिमान! आदिलाबादजवळच्या बेल्याच्या मराठी शाळेत मास्तर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि दोन्ही वेळा जेवायला बारीक तांदळाचा भात. कुणी सहज जरी विचारलं, "मास्तर, भाकर खाता का?" तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची. मी त्याची भाची. मामावर माझा जीव आहे आणि त्याचा मला रागही तेवढाच येतो. लोकांसमोर मी त्याला दोष देत नाही. मनातून देते.

मामाची आई, म्हणजे माझी आजी विठाबाई, भाकरीवर वाढलेली आणि भाकरीवरच राबलेली बाई. जन्मभर लोकांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला, ज्वारी सवंगली. तिचं जेवण बघत बसावं असं होतं. सकाळी वावरात जायच्या आधी दीड भाकर, अंबाडीची भाजी नाहीतर तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, कच्चा कांदा, असलं तर ताक. मांडी घालून बसायची, भाकरीचा लहानसा तुकडा मोडायची आणि इतका वेळ चावायची की समोरचा माणूस जेवून, हात धुऊन, सुपारी कातरून मोकळा व्हायचा. कुणी घाई केली तर म्हणायची, "पोटाले कळू त देशीन का नाही, जेवन आलं म्हून?" शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घ्यायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं आणि तांब्या खाली ठेवताना म्हणायचं, "भरलं बाई पोट." मग दिवस मावळेपर्यंत तिला खाण्याची आठवण नसे. दिवसभर वाकून काम, पण तोंडात काही टाकलं नाही की कुरकुर नाही.

मामाचा ज्वारीवर राग का, ते आजीनंच मला सांगितलं होतं. मामा लहान असताना ती त्याला घेऊन पाटलाच्या खळ्यावर गेली होती. मळणी संपली की पाटील सगळ्या मजुरांना जेवू घालायचा, तशी रीत होती. आमच्या लोकांच्या पत्रावळी कडब्याच्या गंजीपलीकडे वेगळ्या मांडायच्या, तीही रीतच. भाकरी वाढल्या, वरण वाढलं, चार घास होतात न होतात तोच आभाळ दाटून आलं. पाटील ओरडला, "उठा रे, पह्यले रास झाका!" गंजीपलीकडचे सगळे उठले. अलीकडच्या पंगतीला कुणी उठवलं नाही. धान्याची रास झाकून ही मंडळी परत आली तर पाटलाचे बैल पत्रावळींत तोंड घालून उभे. आजीनं मामाला पाठुंगळी घेतलं आणि उपाशीच घरी आणलं. पाऊस तर आलाच नाही.

हे सांगताना आजी हसायची. "बैलाइची दिवाळी झाली," म्हणायची. मामा मात्र या गोष्टीवर कधी हसला नाही. भरल्या ताटावरून उठवलेला माणूस ते विसरत नाही, हे मला कळतं. पण उठवलं होतं पाटलानं, आणि मामानं राग काढला तो ज्वारीवर.

मास्तरकी लागली, लग्न झालं, तसं मामानं आजीला आपल्याकडे आणलं. भाकरी थापायची लाकडी काठवट गावातच कुणाला तरी देऊन टाकली. म्हणाला, "माय, आता आपल्या घरात मजुरीचं जेवन नाही. सायबाच्या घरी शिजते, ते आपल्या घरी शिजन." आमच्याकडे तोवर भात म्हणजे सणाचं, नाहीतर पाहुण्यांचं जेवण. आजी हरखून गेली. "माह्या लेकाच्या घरी रोजच सन," असं अख्ख्या मोहल्ल्याला सांगत सुटली. पुढे सरकारनं दोन रुपये किलोचा तांदूळ काढला आणि घरोघरी भाताचीच पातेली चढू लागली. शेतकऱ्यांनी ज्वारी मोडून कापूस वाढवला. लोक म्हणू लागले, मास्तरला हे आधीच कळलं होतं. मामाची छाती आणखी फुगली.

मामा आईला स्वतः वाढायचा, हे मी सांगितलंच पाहिजे. भाताचा ढीग, वर पातळ चारू, म्हणजे चिंचेचं सार, त्यावर तूप. "घे माय, अजून घे." आजी पोट टम्म होईपर्यंत खायची. भाताला चावायचं काय? दोन मिनिटांत ताट रिकामं, आणि दुपार चढायच्या आत पोटही रिकामं. मग ती फडताळातले डबे हुडकायची. मुरमुरे, गूळ, पोरांची बिस्किटं, हाताला लागेल ते. मामाचंही तेच होतं, पण त्याच्याकडे बहाणा होता. मधल्या सुट्टीत हॉटेलात जाऊन भजी खायचा आणि म्हणायचा, "पोरं शिकवाले डोकं लागते, भूक लागनारच." आईच्या भुकेचं मात्र त्यानं वेगळंच निदान केलं. "म्हातारपनी मानूस लहान लेकरासारखं होते. जिभेचे चोचले असतात." एवढं बोलून तो तिच्यासाठी बिस्किटांचा आणखी एक पुडा घेऊन यायचा. प्रेमानंच आणायचा. त्याचाच तर मला जास्त राग येतो.

आजीनं एकदा स्पष्ट सांगितलं होतं. "दौलत, भातानं पोट नाही भरून राह्यलं रे. एखांदी भाकर टाकत जा म्हना सुनेले." वच्छलामामी मनानं चांगली. तिनं दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडून पीठ आणलं आणि सासूसाठी भाकर केली. संध्याकाळी मामा दारात आला, त्याला वास आला. आरडाओरडा नाही, काही नाही. तो हातपाय धुऊन खाटेवर पडला आणि न जेवता झोपला. आजीला ती भाकर गोड लागली नाही. पुन्हा तिनं त्या घरात कधी भाकरीचं नाव काढलं नाही. माझ्या आईला म्हणाली होती, "माह्या भाकरीपाई माहा लेक उपाशी झोपते. जाऊ दे वं."

आई म्हणजे बयनाबाई, मामाची मोठी बहीण. आमचं घर बेल्याच्या बाहेर, वावराला लागून. घरचे दोन बैल, थोडीशी जमीन, आणि बाकी सगळ्यांनी सोडली तरी बाबा खाण्यापुरती ज्वारी पेरायचेच. मी तेव्हा दहावी नापास होऊन घरी बसले होते आणि घरादाराच्या भाकरी थापत होते. एक दिवस भरदुपारी आजी दारात उभी. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये अशी जुन्या बायांची समजूत, म्हणून तिनं पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ आणला होता, मामाच्याच घरातला. तो सुपात टाकला आणि मला म्हणाली, "याच्या बदल्यात एक भाकर दे वं पोरी."

मी भाकर केली. अंबाडीची भाजी होतीच. आजी ओट्यावर बसली आणि तिच्या पद्धतीनं, एकेक तुकडा चावून, निवांत जेवली. तांब्या खाली ठेवताना म्हणाली, "भरलं बाई पोट." आईनं डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर मामा शाळेत गेला की अधूनमधून आजी यायची. पदरात तांदूळ असायचाच. परत जाताना तिची चाल बदललेली दिसायची.

बेल्यात अशा गोष्टी कुठे लपतात? हॉटेलात कुणीतरी मामाला टोचलंच. "मास्तर, तुमची माय लेकीच्या दारात भाकर मागाले जाते म्हन्तेत!" मागायला! आमच्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामं करून घरोघर शिळी भाकर मागितली होती, आणि आमच्या लोकांनी ते मागणं ठरवून, शपथ घेऊन बंद केलं होतं. बोलणाऱ्यानं शब्द नेमका निवडला होता. मामा चहा तसाच टाकून सायकलवर बसला.

तो आला तेव्हा आजीचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. ओट्यावर लख्ख ऊन होतं, बैल चिंचेखाली रवंथ करत होते. मामानं सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "ऊठ माय."

आजीच्या हातात तुकडा होता. "आलास का? बस. एवढी खातो न येतो."

"ऊठ म्हनलं न."

आई मध्ये पडली. "दौलत, जेवू दे तिले. ताटावर बसली हाय ते."

"माह्या घरी काय कमी हाय, बाई? काऊन माही अब्रू काढून राह्यल्या तुमी दोघी?"

आजीनं एकदा मामाकडे पाहिलं. हातातला तुकडा परत ताटात ठेवला, तिथंच हात धुतला आणि उठली. मामानं तिला हाताला धरून, सांभाळून, सायकलच्या मागं बसवलं. ती पडू नये म्हणून पायीच सायकल ढकलत घेऊन गेला. आजी पुन्हा आमच्या घरी आली नाही.

त्याच हिवाळ्यात तिला ताप भरला. मामानं रजा टाकली, आदिलाबादेहून डॉक्टर आणला, रात्रंदिवस उशाशी बसला. शेवटच्या दिवशी त्यानं तिला विचारलं, "माय, काय खाशीन? काही बी सांग." आजी म्हणाली, "काई नको बाप्पा. भरलं पोट."

मामाच्या घरात ती हे शब्द पहिल्यांदाच बोलली होती. मामाला त्याचा केवढा आधार वाटला! भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगायचा, "माय माही तृप्त होऊन गेली. सोता बोलली, पोट भरलं म्हून." आई खाली मान घालून ऐकायची. माझ्या अंगाची लाही व्हायची, पण मयताच्या घरी कोण बोलणार? पुढे पंधरा-सोळा वर्षं मामा तेच सांगत राहिला.

मग त्याला साखर निघाली. पोट सुटलं होतं, पाय बधिर व्हायचे, तहान भागत नव्हती. आदिलाबादच्या तेलुगू डॉक्टरनं भात जवळजवळ बंद केला. जोन्न रोट्टे खा म्हणाला, म्हणजे आपली ज्वारीची भाकर. सोबत पालेभाजी, डाळ, कांदा, आणि सावकाश चावून खा म्हणाला. तोवर बेल्याच्या बाजारातही चांगली ज्वारी दुर्मिळ झालेली. मामीनं पांढरकवड्याहून मागवली आणि इतक्या वर्षांनी भाकर थापली. काठवट नव्हती, म्हणून स्टीलच्या परातीत.

मी त्या आठवड्यात माहेरी आले होते. शाळा सुटायच्या वेळेला मामा सायकल घेऊन सरळ आमच्या दारात. ओट्यावर, आजी बसायची त्याच जागी बसला. आई आतून पाणी घेऊन आली.

"पोरी," मामा मला म्हणाला, "सकाळी भाकर खाऊन गेलो. मले आज दिवसभर भूकच नाही लागली."

"चांगलं झालं न मामा."

"काय चांगलं झालं?" त्याचा आवाज फुटला. "माय खरंच उपाशी होती वं. माह्या घरी, माह्या हातचं जेवून, इतकी वर्सं उपाशी होती. न मी तिले बिस्किटं आनून देऊन राह्यलो."

ज्यावरून मी इतकी वर्षं दात-ओठ खात होते, ते तो स्वतःच बोलून बसला होता, आणि मला त्यात काडीचंही समाधान वाटलं नाही. म्हातारा होत चाललेला माझा मामा माझ्यासमोर लहान पोरासारखा रडत होता.

डोळे पुसून त्यानं विचारलं, "त्या दिवशी तिच्या ताटात किती उरली होती?"

"अर्धी भाकर."

"मंग? तू खाल्ली का?"

आईनं मला डोळ्यानं खुणावलं. हो म्हटलं असतं तर बिघडलं नसतं. पण मामाला आता कुणी आणखी एक गोड खोटं सांगू नये असं मला वाटलं.

"बैलाइले टाकली, मामा."

मामानं मान हलवली. चिंचेखालच्या रिकाम्या जागेकडे त्यानं बघितलं. बैल विकून किती वर्षं झाली होती.

"पाटलानं खळ्यावर उठवलं, तवा निदान आभाळ त आलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी काय होतं, पोरी?"

"ऊन होतं, मामा," मी म्हटलं.