नऊ फिकट कागद

एम.एड.च्या त्या वर्षी मी सतत कुठल्या ना कुठल्या एसटीच्या मागं धावत असायचे. शहराच्या छावणी भागात एका घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. सकाळी विद्यापीठ, दुपारी एखादी शाळा, संध्याकाळी ग्रंथालय. एका जागी बसलं की वाटायचं, दुसरीकडं काहीतरी राहिलंय. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे.

लघुप्रबंधाचा विषय सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, सुचवलेला होता. आठवीतल्या मुलामुलींच्या वाचनाच्या सवयी आणि वाचलेलं त्यांना किती समजतं, याचा अभ्यास. दोन साधनं तयार करायची होती. एक प्रश्नावली: घरी काय वाचता, कोण वाचतं, पुस्तक कुठून आणता. दुसरी चाचणी: एक उतारा, खाली दहा प्रश्न, वेळ वीस मिनिटं. शहरातल्या दोन शाळा झाल्या होत्या. सर म्हणाले, "एक खेड्यातली घ्या. नाहीतर बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील."

करमाडला उतरून पायी पाऊण तासावर एक गाव होतं. तिथली शाळा मिळाली.

चाचणीचे कागद मी गुलमंडीजवळच्या एका सायक्लोस्टाईलवाल्याकडून काढून घेतले होते. स्टेन्सिल जुनी झाली होती, की यंत्रातली शाई संपत आली होती, माहीत नाही, पण शेवटचे दहा-बारा कागद खालच्या बाजूला फिकट आले. शेवटच्या चार प्रश्नांच्या काना-मात्रा उडालेल्या, काही ओळी तर नुसत्या करड्या सावलीसारख्या. मी ते दुकानातच पाहिलं. पुन्हा काढून द्या म्हणायला हवं होतं. पण सायक्लोस्टाईलवाला दुसऱ्याचं काम लावून बसला होता आणि मला घाई होती. वाचता येतंय की, असं स्वतःला सांगून मी गठ्ठा पिशवीत घातला. फिकट कागद तळाशी गेले.

शाळेत आठवीचा एकच वर्ग. दाराकडून मुलांच्या रांगा, आणि पलीकडं भिंतीला लागून शेवटी नऊ मुली. मी दाराकडून कागद वाटत गेले. अर्थातच तळाचे कागद मुलींना आले. घड्याळ लावून मी खुर्चीत बसले. एक वाजताची एसटी गाठायची होती, म्हणून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. अर्धा वेळ होऊन गेल्यावर भिंतीकडून एक हात वर आला. दोन वेण्या, बाहीला दुसऱ्या रंगाचं ठिगळ.

"बाई, हे खालचं दिसत नाय."

मी जागची उठले नाही.

"दिसतंय. नीट बघ," म्हणाले.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, शेजारणीच्या कागदात डोकावली. "एकमेकींचं बघू नका," मी बसल्या जागेवरून म्हणाले. तिनं मान खाली घातली.

एक वाजताची एसटी मला मिळाली.

तपासताना माझ्या लक्षात आलं की मुलींचे शेवटचे चार प्रश्न कोरे आहेत. लक्षात आलं आणि मी त्याचा अर्थही लगेच लावून टाकला: वेळ पुरला नाही, म्हणजे वाचनाचा वेग कमी. सरांना सांगितलं तर ते खूश झाले. चष्मा काढून म्हणाले, "हा चांगला मुद्दा आहे. ग्रामीण मुलींचा वाचनवेग. यावर स्वतंत्र प्रकरण होऊ शकतं." त्या दिवशी मी ग्रंथालयात न जाता नुसतीच हिंडले, इतकी हवेत होते.

शाळेच्या हेडसरांनी गुणांची यादी मागितली होती. साधा, सरळ माणूस. दोन शिक्षकांत सगळी शाळा ओढायचा. मी यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, वरून खाली गुणानुक्रमे, आणि पोस्टानं पाठवून दिली. अशी यादी कुणाला द्यायची नसते, हे मला वर्गात शिकवलेलं होतं. पण कुणीतरी आपल्याकडं अधिकारानं काही मागतंय, याचंच अप्रूप वाटलं.

दिवाळीनंतर प्रश्नावली भरून घ्यायला मी पुन्हा गेले. बघते तर आठवीचा अर्धा वर्ग व्हरांड्यात. दहा-बारा मुलं आणि आठ मुली फरशीवर ओळीनं बसलेल्या, पुढ्यात पाट्या, फळा नाही, शिक्षक नाही. आतून शिकवण्याचा आवाज येत होता आणि ह्या बाहेर बाराखडी गिरवत होत्या. आठवीतल्या पोरी, बाराखडी.

हेडसर उत्साहानं बाहेर आले. "बाई, तुमची यादी लई कामाला आली बघा. पक्के आत, कच्चे बाहेर. आधी आम्हाला कळतच नव्हतं कुणाकडं लक्ष द्यायचं."

"पण यांच्याकडं लक्ष कोण देतं?"

"देतो की मधून मधून. माणूसबळ कुठंय?"

मी पुन्हा मोजल्या. आठच.

"एक कमी आहे. दोन वेण्यांची."

"ती व्हय? तिच्या बापानं काढली. दसऱ्याच्या आधीच. मी म्हणलं त्याला, पोरगी वाचनात लई कच्ची आहे, घरी घ्या जरा करून. तर तो म्हणला, आठ वर्षांत वाचता आलं नाय तर ठेवून काय करू? कापूस वेचायला लावली."

प्रश्नावल्या भरून घेतल्या. कशा घेतल्या, आठवत नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले, पण एकसारखी चुळबुळ होत होती. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का. खोलीवर आल्याबरोबर ट्रंक उघडून त्या नऊ जणींचे कागद काढले आणि उजेडाला धरले. सहा प्रश्नांपर्यंत उत्तरं, पुढं कोरं. नऊच्या नऊ. वेग कमी पडला असता तर कुणी पाचवर थांबली असती, कुणी आठवर. सगळ्या एकाच ओळीवर थांबल्या होत्या, जिथं शाई संपली होती तिथं. आणि एका कागदावर, सातव्या प्रश्नाच्या जागी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: "दिसत नाही." मी ते तपासताना लाल रेघ मारून खोडलं होतं.

मला माझे वडील आठवले. वैजापूरच्या बाजारात त्यांची धान्याची खरेदी-विक्री. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले, पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा सहावीत होते. पुढं शाळा मराठी झाली आणि त्यांची शाळा सुटली. उर्दू अखबार ते झरझर वाचत, मराठी अक्षर लावत लावत. एकदा तहसीलमध्ये कसल्याशा अर्जावर कारकुनानं त्यांना एक मराठी ओळ वाचायला लावली, ते अडखळले, आणि त्यानं शिक्षणाच्या रकान्यात 'निरक्षर' लिहिलं. मी शेजारी उभी होते, फ्रॉकमध्ये. घरी येऊन वडिलांनी त्या दिवशी पेपर उघडला नाही. त्या कारकुनाचा मला वर्षानुवर्षं राग होता.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. सगळं सांगितलं. "दिसतंय, नीट बघ" तेवढं सांगितलं नाही.

सर वाईट नव्हते. त्यांनी कागद हातात घेऊन नीट पाहिले. मग म्हणाले, "हे नऊ वगळून टाका."

"मग त्या शाळेतल्या मुलींबद्दल काय लिहू?"

"काहीच लिहू नका. मार्चला जमा करायचाय. साधनात दोष राहिला, वगळले, एका ओळीत येतं ते."

"सर, त्या व्हरांड्यात बसल्यात."

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "यादी दिलीत?" म्हणाले. मी मान हलवली. "ती नव्हती द्यायची," एवढंच ते बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. घर गावाबाहेर, शेताच्या बांधाला. ती कापसाच्या ढिगाशी बसून किडक्या, डागाळलेल्या कवड्या वेगळ्या काढत होती. मला बघून उभी राहिली आणि हात फ्रॉकला पुसले. बाप खाटेवर बसून तंबाखू मळत होता. मी जे घडलं ते सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.

तो ऐकत राहिला. "म्हणजे कागद खराब व्हता."

"हो."

"आन् तुमच्याच कागदावरून हेडसर म्हणले, वाचता येत नाय."

"हो. चूक माझी आहे, भाऊ. तिची नाही."

"मग येतं का तिला वाचता?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं. पिशवीत माझ्याच प्रश्नावल्या होत्या, त्यातली एक तिच्या हातात दिली. ती उभ्यानंच वाचायला लागली. जोडाक्षरांवर अडखळली, 'नियतकालिक' दोनदा तोडून म्हटलं, पण पुढं गेली. 'तुमच्या घरी कोण मोठ्यानं वाचतं?' हा प्रश्न वाचून ती थांबली आणि बापाकडं बघितलं.

"कोण वाचतं म्हंजी? तूच वाचतीस की," बाप म्हणाला. "सोसायटीचं कागद, खताच्या पोत्यावरचं." मग माझ्याकडं वळला, आवाज चढला. "अन् हे मला म्हाईत असून मी हेडसराचं ऐकलं! शिकलेला माणूस बोलला म्हणून ऐकलं. तुम्ही शिकलेली माणसं एकदा लिहून देता, आन् आम्ही घरच्या पोरीवर इस्वास ठेवत नाय."

मुलगी म्हणाली, "बाई, मी सांगितलं व्हतं ना, खालचं दिसत नाय. मग तुम्ही 'दिसतंय' असं का म्हणल्या?"

"मला एसटी गाठायची होती," मी म्हणाले.

तिनं ते ऐकून घेतलं. मग पुन्हा कापसाशी जाऊन बसली.

मी शाळेत गेले तेव्हा हेडसर आधी चिडले. यादी आली, वर्ग लावला, आता यादी चुकीची म्हणता? मी तोच उतारा आणि तेच प्रश्न हातानं लिहून काढले, नऊ प्रती, निळ्या शाईत, आणि त्यांच्यासमोर नऊ जणींची चाचणी पुन्हा घेतली. नववी मुलगी बापाबरोबर शेतातून आली, मातीच्या पायांनी. प्रश्न एकदा डोळ्यांखालून गेलेले, म्हणून ही चाचणी काही शास्त्रशुद्ध नव्हती, हे मला कळत होतं. तिघी चांगल्या आल्या, चौघी मधल्या, दोघींना खरंच उतारा समजला नव्हता. दोन वेण्यांची मधल्यांत होती. माझ्या मनात कुठंतरी होतं की ती पहिली येईल. बापालाही तसंच वाटत असावं. गुण ऐकून तो म्हणाला, "मग शेताला लावू का शाळेला?"

"शाळेला."

"पयला नंबर नाय तरी?"

"तरी."

व्हरांडा आठ दिवसांनी रिकामा झाला. माझ्या सांगण्यानं झाला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तपासणीला साहेब येणार होते आणि बाहेर बसलेली पोरं बरी दिसली नसती. मुलगी कापूस संपल्यावर आली. सहामाही बुडालीच होती, वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. हे मला हेडसरांच्या पत्रातून कळलं.

लघुप्रबंधात मी त्या नऊ कागदांवर दोन पानं लिहिली. सरांनी ती एका परिच्छेदावर आणली, आणि मी ओरड केल्यावर तो परिच्छेद तरी राहू दिला. ग्रामीण मुलींच्या वाचनवेगाचं प्रकरण झालं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तेवढाच परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हे कशाला लिहिलंत? नसतं लिहिलं तर कुणाला कळलं असतं?" मी म्हणाले, "त्या नऊ जणींना कळलेलंच होतं, सर." गुण जेमतेम मिळाले.

पुढच्या जूनमध्ये लघुप्रबंधाची एक प्रत द्यायला मी शाळेत गेले. हेडसरांनी पानं चाळली, तक्त्यांवरून बोट फिरवलं आणि थोडे खट्टू झाले. "आमच्या शाळेचं नाव कुठंच नाय व्हय यात?" मी म्हणाले, नाव द्यायचं नसतं. "बरं," म्हणाले आणि प्रत कपाटात ठेवली.

आठवीचा तास चालू होता. ती मधल्या रांगेत होती, एका वर्षानं लहान असलेल्या पोरींमध्ये. सगळ्यांत उंच तीच होती. माझ्याकडं तिचं लक्ष गेलं, तिनं ओळखलं, हसली नाही, रागावलीही नाही. मग फळ्यावर काहीतरी लिहिलं जात होतं ते ती वहीत उतरवायला लागली. आत जाऊन काय बोलायचं, मला सुचेना. हेडसर चहाला थांबा म्हणत होते. मी थांबले, चहा घेतला, बसून घेतला, आणि सबंध वेळ कान त्या वर्गाकडंच होते.