बेंबळ्याच्या रस्त्यावरचे खड्डे

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण मोबाईलवर सायकलवाल्यांचे जे व्हिडिओ येतात त्यात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असतोच. आम्ही यवतमाळवाले उंचावर बसलेलो. गावातून कुठेही निघा, आधी उतार लागतो आणि परत येताना चढ, म्हणजे दमलेल्या माणसाच्या वाट्याला चढ. ही रचना ज्यानं कोणी केली, त्याला सायकल नक्कीच येत नसणार.

रस्ते सगळे पाठ आहेत. दारव्ह्याचा रस्ता दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांनी भरतो आणि कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकतात. वणीकडं गेलं की कोळशाचे ट्रक. घरी येऊन चूळ भरली की बेसिनमध्ये काळं पाणी. जोडमोह्यावरून घाटंजीला जाणारा रस्ता सागाच्या जंगलातला, सगळ्यांत देखणा, पण माझ्या बायकोला तो आवडत नसे. नुसती झाडं किती पाहायची, म्हणायची. तिला पाणी लागायचं. म्हणून आम्हा दोघांचा रविवारचा सायकलचा रस्ता ठरलेला होता. धामणगाव रोडनं करळगावचा घाट उतरायचा, बाभुळगावात चहा आणि आलुबोंडा, मग बेंबळा धरण. पावसाळ्यानंतर धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ नीट दिसत नाही. आमच्यापुरता तोच समुद्र.

बायको होळीच्या सुमारास गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी दवाखान्यात नेलं, दोन-तीन दिवसांत संपलं. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटमधलं फूल पाहत होतो. ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणालो. त्यानंतर मी सगळ्याच गोष्टींना बरं म्हणत गेलो.

मला रडू आलं नाही. लोकांनी वाट पाहिली, स्मशानात पाहिली, दहाव्याला पाहिली, तेराव्यालाही पाहिली. बहीण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे रे दादा, मोकळा होशील." मी म्हटलं, "आणखी किती मोकळा होऊ?" तिला ते लागलं असावं, नंतर ती माझ्याजवळ फारशी फिरकली नाही. तिचा नवरा मात्र रोज माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचा, आता पिक्चर सुरू होणार आहे अशा चेहऱ्यानं. मला त्याचा राग यायचा, पण तोही अर्धवट. त्याला चहा विचारण्यात विरून जायचा.

मी दुःख गिळून बसलोय, असं सगळ्यांचं मत पडलं. खरं म्हणजे गिळायला काही नव्हतंच. मी आत चाचपून पाहिलं होतं. तिचे फोटो काढून पाहिले, कपाटातल्या साड्यांवरून हात फिरवला. साड्या साड्याच राहिल्या. भूक लागायची, झोप लागायची. शाळेत नववीला भूमिती शिकवायचो आणि एकही पायरी चुकायची नाही. रविवारी सायकल काढून एकटाच बेंबळ्याला जायचो आणि यायचो. कसं वाटतं असं कोणी विचारलं तर पाय दुखतात म्हणून सांगायचो. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माझ्यात काही उरलेलंच नाही की काय, अशी शंका मात्र अधूनमधून यायची. त्या शंकेचीही भीती वाटत नव्हती, नुसती यायची.

माझ्या मुलीनं तर ते ठरवूनच टाकलं होतं. एकुलती एक, पुण्याला नोकरीला. तेराव्यानंतर निघताना दारात म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदाही नाही रडले. आईसाठी एकदाही नाही." मी बरं म्हणालो. तिनं बॅग उचलली आणि ऑटोत बसली. नंतर तिचे फोन यायचे, पण जेवले का आणि बीपीची गोळी घेतली का, एवढंच. आई गेली तशी ही पोरगीही हातची चालली आहे, हे मला दिसत होतं. तिला थांबवायला हवं हेही कळत होतं. पण थांबवावंसं वाटायला माणसाजवळ जे लागतं, ते माझ्याजवळ नव्हतं.

दिवाळीला ती आली. फराळ विकतचा आणला, दोघांनी टीव्हीसमोर बसून खाल्ला. शनिवारी संध्याकाळी मी पोर्चमध्ये सायकलीत हवा भरत होतो, तर ती बाहेर येऊन आईच्या सायकलीजवळ उभी राहिली.

"ही कोणाले देऊन टाकायची का?"

"दे. तुले वाटते तसं कर."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती, हे मला जरा उशिरा कळलं.

"उद्या मी येते तुमच्यासोबत," ती म्हणाली. "एकदा चालवून पाह्यते. मग सांगते कोणाले द्यायची ते."

"बरं."

उजाडताना निघालो. रस्त्यावर सायकली एकामागं एक चालवायची एक रीत आहे. मागचा माणूस वारा चुकवायला पुढच्याच्या चाकाला चिकटून असतो, त्यामुळं त्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं हात खाली सोडून बोटानं दाखवायचं. डावीकडं असेल तर डावा हात, उजवीकडं असेल तर उजवा. गिट्टी पसरलेली असली तर पंजा हलवायचा. आम्ही नवरा-बायको वर्षानुवर्षं असेच जायचो, मी पुढं आणि ती माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. या रस्त्यावरचे खड्डे इतके ओळखीचे झाले होते की तिनं त्यांना आमच्या नातेवाइकांची नावं ठेवली होती. घाट उतरल्यावर नाल्याच्या पुलाजवळ एक ऐसपैस खड्डा होता, तो माझ्या बहिणीचा नवरा. मी हात खाली केला की मागून आवाज यायचा, "बसले का जवाईबापू रस्ता अडवून?"

मुलीला ही रीत सांगायला लागलो तर म्हणाली, माहीत आहे, आईनं सांगितलं होतं.

घाटात ती ब्रेक दाबत दाबत उतरली. पुढं सपाटीवर बरी चालवू लागली. बाभुळगावात आलुबोंडा खाल्ला, ती मोबाईल पाहत होती, मी कढईकडं पाहत होतो. धरणावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि पाणी भिंतीला थापा मारत होतं. ती माझ्याकडं पाठ करून कठड्याशी उभी राहिली. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. मी जवळ जायला हवं होतं. पण मी जागचा हललो नाही, आणि माझ्या मनात त्या वेळी एवढंच होतं की मागच्या ब्रेकचं रबर झिजलंय, बदलायला पाहिजे. शेवटी मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंच्या शेतांत बाया कापूस वेचत होत्या. बाभुळगाव सुटलं आणि ती मागं पडत गेली. तिच्या सायकलीचा आवाज येईनासा झाला, तरी मी वळून पाहिलं नाही. आपल्या चालीनं चालवत राहिलो आणि घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबलो. ती बऱ्याच वेळानं आली, उन्हानं लाल झालेली, आणि तिनं सायकल माझ्यासमोर आडवी घातली.

"बाबा, तुम्ही काय दाखवून राह्यले होते?"

"कुठं काय?"

"हातानं. सारखं खाली बोट दाखवून राह्यले होते."

"खड्डे दाखवून राह्यलो. अजून काय?"

"कुठं आहेत खड्डे?"

मला राग आला. चांगला कडक राग आला, कित्येक महिन्यांत आला नव्हता असा. "पोरी, तू पुण्यात राह्यतं. ह्या रस्त्यानं मी दर आठवड्याले येतो, मले नको शिकवू. त्या पुलाजवळ केवढा मोठा आहे, दिसला नाही तुले?"

"चला. दाखवा मले."

दोघं मागं फिरलो. पूल जवळच होता. मी सायकलवरून उतरलो, आणि जिथं खड्डा असायचा तिथं रस्ता सपाट होता. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत काळं, जाड डांबर, मधोमध पांढरी पट्टी. मी त्यावर बूट घासून पाहिला. पट्टीसुद्धा टायरांनी मळली होती, म्हणजे काम उन्हाळ्यातलंच असणार. त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला. दर रविवारी मी इथून जात होतो, येत होतो, हात खाली करत होतो, आणि तेवढी जागा वळसा घालून टाळतही होतो.

"जातानाही दाखवला होता तुम्ही," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तवा मी मागंच होते. मले वाटलं, नवीन आहो म्हणून मले समजावून राह्यले. पण येताना मी कुठच्या कुठं होते, बाबा. तुम्ही एकदाही वळून नाही पाह्यलं. तरी लांबून दिसत होतं, तुमचा हात खाली."

कापसानं लादलेला एक ट्रॅक्टर आला, त्याला वाट द्यायला आम्ही दोघं कडेला सरकलो. चढ नव्हता, तरी मला धाप लागली होती. मी सायकलीच्या सीटला धरून उभा राहिलो.

तिनं आपली सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली आणि माझ्याजवळ आली.

"मले वाटलं होतं," ती म्हणाली, "आई गेली त्याचं तुम्हाले काहीच नाही."

"मलेही तसंच वाटलं होतं," मी म्हणालो.