दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

दादाचं गाणं मुंबईत कोणालाही आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगीच आशा नको.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. दादा मुंबईत वायरमनचं काम करायचा आणि सुटीच्या दिवशी आणखी तीन पोरांबरोबर गिटार वाजवायचा. त्या चौघांनी मिळून एक मोठी रेकॉर्ड काढली. बाकीची गाणी नव्या चालीची, पाय थिरकवणारी. दुसऱ्या बाजूचं अगदी शेवटचं गाणं तेवढं दादाचं, आणि ते मुद्दाम जुन्या धाटणीचं. बाबांच्या तरुणपणी चावीच्या ग्रामोफोनवर वाजायचं तसं, संथ, जरासं नाकातून म्हटलेलं. फक्त पेटीच्या जागी गिटार.

गाण्याच्या मध्यावर गिटारचा एक छोटा तुकडा होता. ती बाबांची शीळ होती. आमच्या उंद्रीच्या मळ्यात मोट चालायची तेव्हा बैल उताराला लागले की बाबा शीळ घालायचे. मोट वर येईपर्यंत ती चढत जायची. मी पाळण्यात असताना विहिरीवर इंजिन बसलं आणि शीळ थांबली. त्यामुळे मी ती कधी ऐकली नाही. दादाला मात्र ती पाठ होती.

एका वर्तमानपत्रात रेकॉर्डबद्दल दोन ओळी छापून आल्या. त्यातली अर्धी दादाच्या वाट्याला. तरण्या पोरांनी आजोबांचे कपडे घालून मिरवावं तसं हे गाणं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. दादा ते कात्रण खिशात घेऊनच गावी आला. मला दाखवलं आणि म्हणाला, "पेपरवाल्याचं मले काही नाही. बाबाले ओयखू आलं पाह्यजे, बस."

घरी रेकॉर्ड लावायची सोय नव्हती. ती होती एस.टी. थांब्याजवळच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्नाकार्याला भोंगे लावणं हा त्याचा धंदा. त्याच्या यंत्राची सुई उड्या मारायची म्हणून तिच्यावर त्यानं पाच पैशांचं नाणं चिकटवलं होतं. बाजाराच्या दिवशी दादानं बाबांना तिथं नेऊन खोक्यावर बसवलं. गाणं लागलं तशी माणसं जमली. एक म्हातारबुवा म्हणाले, "हे नवं काऊन म्हनता? हे तं माह्या लग्नात वाजलं होतं!" सगळे हसले. दादाचं तिकडे लक्षच नव्हतं, तो बाबांच्या तोंडाकडे बघत होता.

बाबांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. उठले, धोतर झटकलं. "वांग्याले पानी सोडाचं हाय," म्हणाले आणि चालते झाले.

दादानं रेकॉर्डचा तवा कव्हरात घातला. मग लाऊडस्पीकरवाल्याला म्हणाला, "ठेव हे तुह्याजवळ. कव्हरात भजे बांधून दे कोनाले." आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला. महिनाभरानं कळलं, गिटार त्यानं कोणाला तरी देऊन टाकली होती.

मला बाबांचा भयंकर राग आला होता. एक शब्द चांगला बोलले असते तर काय जीभ झिजली असती? पण आमच्या घरात बापाला तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. पुढं दादाची पत्रं यायची ती मायच्या नावानं. शेवटी "बाबांना नमस्कार" एवढंच. ते बाबांना मीच वाचून दाखवायची. ते मान हलवायचे आणि पुन्हा मिरच्या निवडायला लागायचे.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. नवरदेव जानेफळचा, तेव्हा बँडपार्टीही जानेफळचीच. वरात मांडवाशी आली आणि बँडनं दादाचं गाणं सुरू केलं. मी घरात, खिडकीशी होते. गाणं मी लगेच ओळखलं. पण गिटारच्या तुकड्यापाशी क्लॅरिनेट आलं तेव्हा बँडमास्तरनं तो एकदा वाजवला, पुन्हा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला आणि मगच पुढं सरकला. पोरांना तीच जागा ठाऊक होती. तिसऱ्या खेपेला सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या, फेटे उडवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे गानं आजकाल सगळ्याच लग्नाईत असते वं." दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक.

अक्षता पडल्या. कानपिळीची वेळ आली. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि भाऊ गायब! माणसं शोधायला धावली. तेवढ्यात भोंग्यातूनच दादाचा आवाज आला. लाऊडस्पीकरवाल्यानं मंगलाष्टकांनंतर माईक मांडवामागं आपल्या यंत्रापाशी नेऊन ठेवला होता, पण बंद करायचा विसरला होता.

"मास्तर, हा तुकडा एकदाच हाय. तीनदा काऊन वाजवता?"

"आमी तं या भोंगेवाल्याच्या रेकॉर्डवरून बसवलं भाऊ. रेकॉर्डवर तीनदाच हाय."

"रेकॉर्डवर मीच वाजवलं हाय ना ते!"

मग लाऊडस्पीकरवाल्याचा आवाज. "त्याईची चूक नाही बाप्पा. तवा तिथं खरवडला. सुई अडकते, तीनदा फिरते, मंग सुटते. तुह्या बाबाचंच काम हाय ते. दर बाजाराले येते अन् तेवढंच लाव म्हनते. सुई उचल, ठेव. उचल, ठेव. चार वर्सं झाले. दुसरा कोनी असता तं हाकलून देल्ला असता मी."

बाबा माझ्या मागंच उभे होते. मी वळून पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि नजर जमिनीवर. इतकी वर्षं मनात धरलेला राग कुठं ठेवावा हे मला कळेना.

दादा आला. रिवाज मोडू नये म्हणून त्यानं नवरदेवाचा कान धरला, पण बघत होता बाबांकडे.

"काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "शेवटाले चुकला तू."

"कुठी?"

"वरच राह्यला. मोट रिकामी झाली का शीळ खाली या लागते. मले वाटे, माह्याच कानाचा दोष असन. म्हनून पुन्हा पुन्हा लावाले सांगो."

"दाखवा मंग."

"इथी? पोरीच्या लग्नात?"

"हाव, इथीच."

बाबांनी इकडे-तिकडे पाहिलं. व्याही बघत होते, भटजी बघत होते. त्यांनी ओठांचा चंबू केला. समोरचे दोन दात त्याच वर्षी पडले होते. नुसती हवा आली. भुवया हळूहळू वर चढल्या आणि मग मान सावकाश खाली आली.

मी दोन हातांवर होते, पण मला काहीच ऐकू आलं नाही.

दादा मात्र कान देऊन ऐकत होता. त्याचे डोळे घळघळा वाहत होते. "हाव," तो म्हणाला, "आता समजलं." नवरदेवाचा कान त्यानं अजून सोडला नव्हता.