तपासणीपुरती गोळी

मंडळी, दुपारपासून सुन्न आहे.

आमच्या पापडी गावात दर महिन्याला एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, आम्ही स्वयंसेविका सगळ्यांचं बीपी मोजतो. रोझीमावशींचं कायम व्यवस्थित, त्यामुळे मी दरवेळी सगळ्यांसमोर त्यांना शाब्बासकी देते. आज मंगळवार. सहज त्यांच्या घरी गेले आणि मोजलं, तर वरचं दोनशे दहा. दुसऱ्या हाताला लावलं, तरी तेच.

"मावशी, गोळी घेतली नाही?"

"आज काय रविवार आहे? तुम्ही मोजायच्या आधी चार दिवस घेते ना. एवढं कौतुक करतेस, चारचौघांत तुझी मान खाली नको."

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत.

घरी आल्याआल्या आईच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. महिना संपत आला, पाकीट जवळजवळ भरलेलं. रोज कामावरून फोन करून तिला 'गोळी घेतलीस ना?' विचारणारी मीच.

तुम्ही नुसतं विचारता, की पाकीट बघता?