दोन नावांच्या मधली सासू

तिशीत मी फार हुशार होते. आता नातवंडं हसतात, पण तेव्हा मला स्वतःला तसं मनापासून वाटायचं. नव्वदच्या दशकातलं बेंगळुरू, आमच्या साऱ्या गोतात संगणकावर काम करणारी सून मी एकटी. घरी कुणी काही सांगायला लागलं की मी अर्ध्यातच म्हणायचे, "ठाऊक आहे मला."

आमच्या छोट्या कंपनीकडे एका दवाखान्याचं काम होतं. त्याच्या तीन शाखा : बसवनगुडी, मल्लेश्वरम, देवनहळ्ळी. प्रत्येक शाखेत एक मशीन, तिन्ही टेलिफोनच्या तारेनं जोडलेली. रोग्यांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावून तिघांत वाटलेली. सुरुवातीची बसवनगुडीला, मधली मल्लेश्वरमला, शेवटची देवनहळ्ळीला. शोधताना कुठलं नाव कुठल्या मशीनला विचारायचं, हे ठरवणारा भाग माझ्याकडे होता.

मी तो कसा लिहिला? आमच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाची आमंत्रणं वाटून घेतात तसा. मारुतीच्या देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंत थोरली जाऊ, शिंप्याच्या घरापासून शाळेपर्यंत मी. दोन्ही टोकं धरून. तसंच त्या दिवशी प्रत्येक मशीनवर जे पहिलं नाव होतं आणि जे शेवटचं, ती दोन टोकं मी पक्की लिहून टाकली. माझ्या वरच्या बाई कानडी, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. नोंदी साठवायचा भाग त्यांनीच लिहिला होता. त्या म्हणाल्या, "नुसती सुरुवात लिही गं. पुढच्याची सुरुवात आली की मागच्याची हद्द संपली. मी तसंच केलंय."

"शेवट लिहिलेला बरा, अक्का. स्पष्ट दिसतो," मी म्हटलं. ठाऊक होतं ना मला.

दोनेक महिन्यांनी सासूबाईंच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि त्या तापानं फणफणल्या. आम्ही त्यांना अत्ते म्हणायचो. रिक्षातून बसवनगुडीच्या शाखेत नेईपर्यंत त्या शुद्धीत नव्हत्या. नणंदेला फोन करून मी डॉक्टरांसमोर उभी राहिले.

"पेनिसिलिन देतोय. आधी कधी त्रास झालाय?"

काउंटरवरच्या माणसानं नाव टाईप केलं. "इल्ला अम्मा. नोंदच नाही."

एखादी साधी सून म्हणाली असती, "थांबा, घरी विचारते." मी पदर सावरून म्हटलं, "नोंद नाही म्हणजे त्रास झालेला नाही, डॉक्टर. हा प्रोग्राम माझाच आहे."

नर्सनं सुई भरली. तेवढ्यात नणंद मल्लेश्वरमहून धापा टाकत आली आणि तिनं सरळ नर्सचा हात धरला.

"पेनिसिलिन नको. मागच्या महिन्यात माझ्याकडे असताना दाढेसाठी दिलं होतं. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. मरता मरता वाचली ती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, लेकीकडे गेल्या ना, भोगा आता. आणि तिथल्या शाखेत तुझ्या त्या मशीनमध्ये लिहून घेतलंय की. माझ्यासमोर."

डॉक्टरांनी दुसरं औषध मागवलं. मी बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी अक्कांसमोर माझ्या प्रोग्रामचा कागद उलगडला. बसवनगुडीच्या शेवटच्या नावावर त्यांनी एक बोट ठेवलं, मल्लेश्वरमच्या पहिल्या नावावर दुसरं.

"या दोघांच्या मध्ये कोण राहतं?"

"कुणी नाही."

"तुझी सासू राहते."

अत्तेंचं नाव नंतर आलेलं आणि नेमकं त्या दोन नावांच्या मध्ये पडणारं. अक्कांच्या हिशेबानं ते बसवनगुडीच्या मशीनवर नीट जाऊन बसलं होतं. त्याच मशीनवर, ज्याच्यापासून दहा पावलांवर मी पदर सावरत उभी होते. माझ्या हद्दीत मात्र ते कुठेच नव्हतं, म्हणून माझ्या प्रोग्रामनं कुणालाच विचारलं नाही. न विचारता, शांतपणे, "नोंद नाही" म्हणून सांगितलं. अगदी माझ्यासारखंच.

"आणखी किती जण असतील, अक्का?"

"मोजू या. आधी शेवट खोड."

मी तिन्ही शेवट खोडले. फक्त सुरुवाती ठेवल्या. तशा फटींत एकोणीस माणसं सापडली. प्रत्येक नाव वाचताना मला कुणाची तरी सून काउंटरवर उभी दिसत होती.

अत्ते बऱ्या झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. त्यांनी पानाला चुना लावला.

"म्हणजे मी मशीनमध्ये होते?"

"होतात."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"सरी, बरं. चल, दवाखान्यात जाऊ."

काठी टेकत त्या काउंटरपाशी गेल्या, त्या माणसाला म्हणाल्या, "माझं नाव शोध, अण्णा." पडद्यावर नाव उमटलं, खाली पेनिसिलिनचं. त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. रांगेतली माणसं बघत होती. अत्ते म्हणाल्या, "स्वल्प अजून मोठ्यानं," आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.